आवाज गेला, सोबत साडेचौदा हजारही गेले

नळ बंद केला की भिंतीतून धाडकन आवाज येतो, वॉशिंग मशीनचं पाणी थांबलं की पाइप थरथरतो, असं तुमच्याकडे होत असेल तर प्लंबर बोलावण्याआधी हे वाचा. या आवाजाच्या भीतीवर नागपुरात एकाचा चांगला धंदा चाललाय.

आमचं घर मानेवाड्याकडे, दुमजली. वरच्या बाथरूममध्ये शॉवरला जोर नव्हता म्हणून छतावरच्या टाकीखाली प्रेशर पंप बसवला होता. (नळाच्या मेन लाइनीलाच टुल्लू पंप लावून पाणी ओढणं हा वेगळा आणि बेकायदा प्रकार. आमचा पंप टाकीनंतर आहे.) त्यानंतर हे ठोके सुरू झाले. उन्हाळ्यात कूलरला फ्लोट लावून पाण्याची नळी जोडली, तेव्हा तर रात्रभर टक-टक-धाड. सासऱ्यांची झोप उडाली. त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. त्यावर बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं लिहिलेलं असतं, ते कोण पाहतं?

आलेला माणूस एकदम टापटीप. कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, हातात दाब मोजायचं गेज. त्यानं गेज नळाला जोडून शेजारचा नळ झटक्यात बंद केला. काटा एकदम वर उडाला. "पाहा ना काकाजी, लाइनीत हवा फसून राहिली आहे. पाइप अंदरून सडला. आज नाही तर उद्या भिंतीतच फुटन, मंग टाइल्स तोडा अन् काय काय करा." बाबा घाबरले. फरशी फोडणं टाळायचं तर उपाय एकच, ‘एअर कंट्रोलर’. 14,500 रुपये. बिल मागितलं तर 18 टक्के जीएसटी वेगळा लागेल म्हणाला, म्हणून बिल नाही. पैसे यूपीआयनं घेतले तेही कंपनीच्या नाही, कुणा दुसऱ्याच माणसाच्या नावावर.

पंपाजवळ करड्या रंगाचा सीलबंद डबा बसला आणि आवाज खरंच थांबला! बाबा खूश. मी ऑफिसातून आले तेव्हा त्यांनी नळ उघडून-बंद करून मला दाखवलं. शॉवरची धार बारीक झाली होती, पण तो म्हणे "नवीन मशीन सेट व्हायला वेळ घेते" असं सांगून गेला होता. थोड्या दिवसांनी त्याचाच फोन, की आता पूर्ण लाइन बदलून टाका, 48,000 होतील, आगाऊ अर्धे द्या. तिथे मला शंका आली.

सक्करदऱ्याच्या हार्डवेअर दुकानात बसणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. ते छतावर गेले, डब्याकडे पाहिलंही नाही, टाकीखालचा गेट वॉल्व्ह हातात धरला आणि हसायला लागले. वॉल्व्ह जवळपास पूर्ण बंद केलेला होता. पाणीच कमी सोडलं तर ठोका कुठून बसणार? डबा उघडला तर आत एक साधा नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) आणि बाहेरून गुंडाळलेली तांब्याची तार. तार कशालाही जोडलेली नाही. तसला वॉल्व्ह पंपाला आधीच होता.

माझा दीर मेकॅनिकलचा. त्यानं सांगितलं ते असं. वाहतं पाणी एकदम अडलं की त्याचा वेग दाबात बदलतो, यालाच वॉटर हॅमर म्हणतात. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगानं वाहणारं पाणी झटक्यात थांबवलं तर क्षणभर दर चौरस सेंटीमीटरला दहा किलोहून अधिक जादा दाब उसळतो. प्लास्टिकचा पाइप थोडा ताणला जातो, म्हणून त्यात कमी. म्हणजे नळ झटक्यात बंद केला की गेजचा काटा नव्या कोऱ्या लाइनीतही उडणारच. त्या माणसानं दाखवलं ते खरं होतं आणि सांगितलं ते खोटं. इतकी सफाई असलेला माणूस सरळ काम करून जास्त कमावेल, असं मला राहून राहून वाटतं.

मिस्त्रींनी केलं ते एवढंच: गेट वॉल्व्ह पूर्ण उघडला, पंपाच्या प्रेशर स्विचचा कट-ऑफ, म्हणजे पंप बंद होण्याचा दाब, चार किलोवरून अडीचवर आणला, डक्टमध्ये लोंबकळणाऱ्या पाइपाला जागोजागी क्लॅम्प मारले, वॉशिंग मशीनचा अँगल कॉक थोडा बंद केला, कारण मशीनचा आतला वॉल्व्ह विजेवर फटकन मिटतो. कूलरचा फ्लोट पाण्याच्या लाटांवर उघडझाप करत होता, तो बदलला. सगळं मिळून 1,650 रुपये, दुकानाच्या पक्क्या बिलासह. आता मशीन थांबताना बारीक ‘टक’ येतो. तेवढ्यासाठी हॅमर अरेस्टर (ठोका शोषून घेणारं उपकरण) बसवता येईल म्हणाले, पण घाई नाही.

कुणीही दुरुस्तीला आलं तर कामाआधी एक बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहून ठेवा, आणि काम झाल्यावर पैसे देण्याआधी तीच बादली पुन्हा भरा. आवाज गेला आणि बादलीही रेंगाळायला लागली, तर आधी वॉल्व्ह तपासा. बिघाडाचं कारण समजावण्याआधी किंमत सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद, फोनवरचा 48,000 चा मेसेज आणि उघडलेल्या डब्याचे फोटो जोडलेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तेव्हा तिथेही जाणार. दरम्यान मनीषनगरच्या एका ओळखीच्या बाईंकडे अगदी तसाच करडा डबा निघाला, फक्त टी-शर्टवरचं कंपनीचं नाव वेगळं होतं. त्यांचाही गेट वॉल्व्ह तसाच दाबलेला.