लॅनच्या वायरिंगमध्ये मला घातलेली १,२४,४९० रुपयांची टोपी

सदाशिव पेठेत माझी अभ्यासिका आहे, ६४ खुर्च्यांची. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आता शांतता आणि पंखा पुरत नाही, वायफाय लागतं आणि तेही पळणारं. म्हणून सगळं नेटवर्किंग, म्हणजे जागेतले संगणक जोडणारी लॅन, नव्याने करून घेतलं. सराव परीक्षेचे १२ संगणक, ६ कॅमेरे, छताला वायफाय पसरवणारे ४ अ‍ॅक्सेस पॉइंट, एकूण २२ पॉइंट. त्यात कितीला बुडालो ते वर लिहिलंय. कसं बुडवलं ते सांगतो, कारण हे काम करणारा ठेकेदार आता पेठांतून कोथरूडकडे सरकलाय असं कळलं.

माणूस रस्त्यावरून उचलून आणलेला नव्हता. ओळखीच्या क्लासवाल्यांनी नंबर दिला, म्हणाले काम चांगलं करतो. चांगलं म्हणजे काय, तर त्यांच्याकडेही त्याने हेच केलंय आणि त्यांना पत्ता नव्हता. गोड बोलणारा, तीन वाक्यांत दोनदा ‘काका’ म्हणणारा.

कोटेशन व्यवस्थित छापील होतं. कॅट सिक्स शुद्ध तांब्याची केबल, ३०५ मीटरची दोन खोकी, १८,८००. चोवीस पोर्टचा गिगाबिट (म्हणजे हजार एमबीपीएसचा) पीओई स्विच, केबलमधूनच वीजही देणारा, २६,५००. वायफाय सिक्सचे चार अ‍ॅक्सेस पॉइंट, ३५,६००. पॅच पॅनेल ३,८००, रॅक ३,२००, २२ पॉइंटचं बाकी सामान ९,९००, मजुरी ७,७००. वर अठरा टक्के जीएसटी, १८,९९०. मी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिक मालाच्या बाजारात दोन ठिकाणी भाव विचारूनच होकार दिला, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘चौकशी करायची ना आधी’ म्हणणारे नातेवाईक मला पुष्कळ आहेत. भाव बरोबरच होते. माल दुसराच आला.

आता ती दुपार. माझ्या डोक्यातून ती जात नाही. त्याचा पोरगा केबलची दोन्ही खोकी दोन खांद्यांवर घेऊन न धापता तिसऱ्या मजल्यावर चढला. तांब्याच्या कॅट सिक्सचं एक खोकं दहा किलोच्या वर भरतं, हे मला तेव्हा माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला वाटलं, तरुण पोरगा आहे. पण पुढचं ऐका. पोरगा जॅकला तारा बसवत होता, एक तुकडा खाली पडला. मी उचलला. वरून तांबूस, कापलेल्या टोकाला मात्र पांढरं. मी विचारलं, “हे पांढरं कसं रे?” तो ठेकेदार हसून म्हणाला, “काका, टिनचं कोटिंग असतं, गंज धरू नये म्हणून.”

अहो, कल्हई भांड्याला वरून असते! तारेच्या पोटात कुणी कल्हई लावतं का? टिन लावलेली तांब्याची तार खरंच मिळते, पण ती वरून पांढरी आणि आतून लाल. माझ्या हातातली बरोबर उलटी होती, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा. बाजारात तिला सीसीए म्हणतात. पण त्याने ते इतक्या सहज सांगितलं की पुढे काय विचारणार? त्याच वेळी जिन्यात दोन मुलं फीसाठी उभी होती, खाली टँकरवाला ओरडत होता. तुकडा मी खिडकीत ठेवला. तो अजून आहे, पुरावा म्हणून.

अडचण लगेच दिसली नाही. नेट आलं, मुलं खूश. मग गर्दीच्या वेळी मागच्या खोलीतला अ‍ॅक्सेस पॉइंट आपोआप बंद होऊन परत चालू व्हायला लागला. लाइन ३०० एमबीपीएसची, पण कुठल्याही संगणकावर वेग ९४च्या वर जाईना. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, “आमच्याकडून पूर्ण येतंय, तुमचं आतलं बघा.” आमच्या ठेकेदाराचं म्हणणं, “काका, कंपनीच फसवतेय.” या दोघांच्या मध्ये मी. मुलांपैकी सातजणांनी फी परत मागितली ती वेगळीच.

शेवटी अभ्यासिकेतल्याच एका कॉम्प्युटर इंजिनिअर मुलाने रॅक उघडला. स्विचच्या पुढच्या पट्टीवर ‘गिगाबिट’ मोठ्या अक्षरांत, पण गिगाबिट फक्त टोकाचे दोन पोर्ट. बाकीचे चोवीस शंभरचे. म्हणून ९४! भिंतीतल्या बॉक्समध्ये तर कहर. एका केबलमध्ये आठ तारा असतात, गिगाबिटला त्या आठही लागतात. शंभरच्या वेगाला चार पुरतात. या महाभागाने एकेक केबल मधून फाडून चार तारा एका संगणकाला, चार दुसऱ्याला दिल्या होत्या. पैसे दोन खोक्यांचे, पॉइंटही बाविसाच्या बावीस मोजून. अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज याच केबलमधून जाते. सीसीएचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त, लांबच्या खोलीपर्यंत व्होल्टेज पडतं, आणि मुलं जोडली गेली की तो मान टाकतो. चारही अ‍ॅक्सेस पॉइंट शिडी लावून उतरवले तर मागच्या स्टिकरवर सिरियल नंबर एकच. चौघांचा मिळून एक! सिरियल नंबर छताला चिकटवायच्या आधी वाचा आणि कंपनीच्या साइटवर टाकून बघा. मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

पैसे कधी दिले? ६०,००० आगाऊ यूपीआयने, ५०,००० माल आल्यावर रोख, आणि उरलेले १४,४९० मी अडवून धरले होते. पण स्विच आणि वायफायचे अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच्याकडे. “पेमेंट क्लिअर करा काका, लगेच पाठवतो.” दुसऱ्या दिवशी माझ्याकडे सराव परीक्षा होती. दिले. तुमच्या जागेतल्या यंत्राचा पासवर्ड पहिल्या दिवशी तुमच्या वहीत हवा, नाहीतर ते यंत्र तुमचं नाही.

जीएसटीचं तर विचारूच नका. बिलावरचा नंबर २७ने सुरू होणारा, पंधरा अक्षरी, अगदी नियमात बसणारा. पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली, तीही कुठल्या दुसऱ्याच नावाची. १८,९९० सरळ खिशात. मोठ्या व्यापाऱ्यांना भरलेल्या जीएसटीची वजावट घ्यायची असते, त्यांना महिनाभरात कळतं. माझी उलाढाल २० लाखांच्या आत, माझी नोंदणीच नाही, मी कशाला ताडून पाहणार? असे लहान गिऱ्हाईक तो बरोबर हेरतो. नंबर तपासायला लॉगिन लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

मग आमची वरात सुरू. चौकीत गेलो. ‘नेटवर्क’, ‘वायफाय’ हे शब्द ऐकताच साहेब म्हणाले, “काका, हे सायबरचं.” सायबरवाले म्हणाले, “ऑनलाइन फसवणूक कुठे आहे? माणूस तुमच्या घरी येऊन काम करून गेलाय, ठाण्यात जा.” ठाण्यात म्हणाले, “काम झालंय ना? मग हा दिवाणी वाद, कोर्टात जा.” मी म्हटलं, चार डब्यांवर एक नंबर आणि दुसऱ्याच्या जीएसटीवर बिल, हा दिवाणी वाद? चारसोवीसच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलंय, तेवढं वाचून गेलो होतो. त्यावर उत्तर, “तुम्हाला कायदा माहितीये तर आमच्याकडे कशाला आलात?” लेखी अर्ज दिला. पोच मागितली तर शिक्का सापडेना. शिक्का! पोलीस ठाण्यात! शेवटी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला, तुम्हीही थेट तेच करा, निदान पावती तरी हातात राहते. जीएसटीकडे तक्रार केली, त्यांनी ‘नोंद घेतली’, कुठे घेतली ते त्यांनाच ठाऊक. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बाई नीट बोलल्या, पण सुरुवातीलाच म्हणाल्या, व्यावसायिक कारणासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात येत नाही. अहो, ही अभ्यासिका म्हणजे माझं पोट आहे, माझी कुठली फॅक्टरी? २०१९च्या त्याच कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला सूट दिलेली आहे, ती वकील असलेल्या मेहुण्याने दाखवली. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. तक्रार दाखल केलीय, तारखेची वाट बघतोय. ५०,००० रोख दिल्याची पावती नाही, त्यावर आयोगात काय होईल ते होईल.

नवीन केबल आणि स्विचचं कोटेशन ५२,३०० आलंय. या वेळी खोकं माझ्यासमोर वजनकाट्यावर चढलं, मग आत आलं.

ठेकेदाराने माझा नंबर ब्लॉक केलाय. मुलाच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसतं, कर्वेनगरात कुठल्याशा क्लासचं काम चालू आहे, पट्ट्या अजून उघड्या आहेत. तो क्लास तुमचा असेल तर आजच एक तार ब्लेडने खरवडा आणि विंडोजमध्ये लिंक स्पीड बघा, १००/१०० दिसलं तर पुढचा हप्ता देऊ नका. पासवर्ड आधी घ्या.