अपघातानंतर ओठाची पुनर्रचना: शस्त्रक्रिया उत्तम, वॉर्डची व्यवस्था ढिसाळ

दुचाकीच्या अपघातात माझ्या धाकट्या भावाच्या वरच्या ओठाचा मधला, जवळजवळ निम्मा भाग गेला. पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात त्याच्यावर उपचार झाले, त्यांविषयीचा हा अभिप्राय.

ओठाचा साधारण एक तृतीयांशापर्यंत भाग गेला असेल, तर उरलेल्या कडा ओढून सरळ टाके घालता येतात. त्याहून अधिक गेला, तर दुसऱ्या ओठाकडून उसना घ्यावा लागतो, असे सर्जननी कागदावर आकृती काढून समजावले. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट ॲबे यांनी १८९८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही ‘ॲबे फ्लॅप’ म्हणूनच ओळखली जाते. खालच्या ओठाचा त्रिकोणी तुकडा एका बाजूच्या रक्तवाहिनीला तसाच जोडलेला ठेवून वर वळवून शिवतात. मांडीची कातडी लावून का भागत नाही, हा आमचा अडाणी प्रश्नही त्यांनी हसण्यावारी नेला नाही: कातडीला ना स्नायू असतो, ना ओठाची लाल कडा. ही कडा त्यांनी भूल देण्याआधीच शाईच्या टिंबांनी आखून घेतली, कारण इंजेक्शनने ओठ सुजला की ती रेषा हरवते आणि तेथे एक मिलिमीटरचा फरकही समोरच्याला दिसतो.

नव्या जागी रक्तपुरवठा रुजेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, दोन्ही ओठ मधोमध जोडलेले राहतात. एवढी मोठी गोष्ट वॉर्डला ठाऊक नसावी, हे आश्चर्यच. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटात चक्क पोळी-भाजी आली. भाताची पेज, डाळीचे पाणी आणि ताक बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कोपऱ्यातून द्यायचे, हे आम्हाला दुसऱ्या एका रुग्णाच्या आईने शिकवले.

विम्याच्या खिडकीवर ‘कॉस्मेटिक’ म्हणून कॅशलेस नाकारण्यात आले. वास्तविक कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळणाऱ्या विमा नियामकाच्या प्रमाणित कलमातच अपघातानंतरच्या पुनर्रचनेला अपवाद आहे. सर्जनचे पत्र आणि एमएलसीची (अपघातासारख्या प्रकरणात रुग्णालय करते त्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीची) प्रत जोडल्यावर मंजुरी आली, पण हा नियम खिडकीवरच्या माणसाला माहीत असायला हवा होता.

आता ‘प’, ‘ब’, ‘म’ स्वच्छ उमटतात, घोट घेताना पाणी सांडत नाही. स्पर्शाची जाणीव मात्र हळूहळू परतते आहे. बसवलेल्या पट्ट्यात केस उलट्या दिशेने उगवत असल्याने मिशी ठेवण्याचा बेत बारगळला आहे. व्रण पक्का व्हायला वर्षभर लागते, त्यामुळे किरकोळ दुरुस्तीचा निर्णय सर्जननी स्वतःहूनच पुढे ढकलला आहे.