चाकवताच्या पाकिटातून उगवली ओराच

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ राहताना ताकातल्या चाकवताची आठवण अनावर झाली, म्हणून गेल्या मार्चमध्ये मी एका लहान ऑनलाइन विक्रेत्याकडून चाकवताच्या बियांचे पाकीट मागवले. चाकवताचे बी काळे, चकचकीत आणि जेमतेम दीड मिलिमीटरचे असते. या पाकिटात तशा बियांबरोबर जवळजवळ दुप्पट मोठ्या, चपट्या तपकिरी बियाही होत्या. शंका तेव्हाच यायला हवी होती.

उगवण चांगली झाली. कोवळ्या पानांवर चाकवतासारखीच पिठूळ झाक असल्यामुळे जूनपर्यंत काहीच लक्षात आले नाही. पुढे खालची पाने शंकरपाळ्याच्या आकाराची झाली, त्यांच्या बाजूंच्या दोन टोकांचा रोख शेंड्याकडे वळलेला दिसला, आणि बी धरल्यावर प्रत्येक बी दोन त्रिकोणी छदांमध्ये, म्हणजे फुलाखालच्या पानासारख्या आवरणांमध्ये, बंद असल्याचे आढळले. चाकवताला अशी छदे नसतात. ही वनस्पती म्हणजे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली अ‍ॅट्रिप्लेक्स पाट्युला असे नाव दिलेली साधी ओराच, राजगिऱ्याच्याच कुळातले एक वर्षायू तण.

इथे ती शेताच्या कडेला, उकिरड्यावर, नुकत्याच खणलेल्या जागी आणि भरतीने आणलेले शेवाळ कुजत पडते त्या किनाऱ्यावरही आपोआप उगवते. हिवाळ्यात बर्फ साचू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे कडेची माती खारी होते. हिची किनाऱ्यावर वाढणारी, गवतासारख्या पानांची बहीण तर त्या खारट पट्ट्यांवरून महामार्गांच्या काठाने थेट आतल्या मुलुखात पोहोचली आहे. जे रस्त्याकडेला फुकट वाढते, त्याच्या बिया विकत घ्याव्या लागल्या याचे मला खरोखर वाईट वाटले.

भाजी म्हणून मात्र तिला नावे ठेवता येणार नाहीत. पालकातही असतात तसे ऑक्झॅलेट क्षार असल्यामुळे मी पाने उकळून ते पाणी ओतून दिले, मग हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि ताक घालून नेहमीसारखी शिजवली. चव पालकाच्या जवळची लागली. कोकणातल्या खाडीकाठच्या मोरस या पालेभाजीचा खारटपणा तिच्यात नव्हता, चाकवताचा तो ओळखीचा वासही नव्हता.

विक्रेत्याने पैसे विनातक्रार परत केले, पण पाकिटाचे वर्णन अजून तेच आहे, म्हणून पाचपैकी दोनच तारे. ज्यांनी हे पाकीट आधीच पेरले असेल त्यांनी बी पिकण्यापूर्वी फुलोरा कापावा, कारण तपकिरी बिया लगेच रुजल्या तरी कठीण कवचाच्या काळ्या बिया मातीत दीर्घकाळ सुप्त राहतात.