तीन मुलं, तीन वयं आणि अमेरिकेचा इतिहास: काय घेतलं, काय गराजमध्ये गेलं

आमच्याकडे मुलं तीन, मोठा १३, मधली १०, धाकटा ६, तिघंही घरीच शिकतात. राहतो पेनसिल्व्हेनियात, म्हणजे अमेरिकेचा इतिहास आणि वर राज्याचा इतिहास, दोन्ही शिकवणं कायद्यानेच भाग. १८० दिवसांची नोंद ठेवायची, पोर्टफोलिओ करायचा, जूनअखेर मुलांचं काम तपासणाऱ्या इव्हॅल्युएटरचं पत्र द्यायचं. पण कुठल्या कंपनीचं पुस्तक वापरायचं हे कायदा सांगत नाही, आणि हे मला पहिल्या वर्षी कुणी नीट सांगितलं असतं तर बरेच डॉलर वाचले असते.

पहिल्या वर्षी मी घाबरून एका नावाजलेल्या कंपनीचा तयार बॉक्स, म्हणजे वर्षभराच्या अभ्यासक्रमाचा संच, घेतला. घाबरून म्हणजे काय, मी शाळेत शिवाजी महाराज, पेशवे, १८५७ आणि टिळक-गांधी शिकलेली, मला जेफरसन आणि जॅक्सन या दोन जुन्या राष्ट्राध्यक्षांमधला फरक सांगता आला नसता, त्यामुळे जिथे रोजचं रोज काय वाचायचं ते छापून येतं असं काहीतरी हवं होतं. वेबसाइटवर मुलाची इयत्ता टाकली की ते आपापला लेव्हल सुचवतात, मी तीन मुलांच्या तीन इयत्ता टाकल्या आणि तीन बॉक्स मागवले. झालं काय, मोठा सिव्हिल वॉर (उत्तर-दक्षिण यादवी युद्ध) संपवून पुढे गेलेला, मधली अजून तेरा वसाहतींमध्ये, धाकटा झेंडा आणि गरुड रंगवतोय, आणि मी रात्री तीन शतकांच्या तीन टीचर मॅन्युअल घेऊन बसलेय. जेवताना एकाशी दुसरा बोलू शकत नाही, कारण सगळ्यांचा इतिहास वेगवेगळा. वर्कबुकं एकदा लिहिली की संपली, झेरॉक्स काढायची परवानगी नाही, म्हणजे तेच पुस्तक धाकट्यासाठी चार वर्षांनी परत विकत घ्या. आणि मधलीच्या पुस्तकात गुलामगिरी दोन पानांत उरकलेली, त्यातलं अर्धं पान कापसातून सरकी काढणाऱ्या जिन यंत्राचं चित्र. नोव्हेंबरमध्ये बंद केलं.

त्यानंतर मी जे केलं ते आधी करायला हवं होतं. आता कुठलाही हिस्ट्रीचा अभ्यासक्रम हातात आला की मी कव्हर, रंग, स्टार काही बघत नाही, सरळ तीन ठिकाणी उघडते. एक, सिव्हिल वॉर कशामुळे झालं. तिथे नुसतं 'राज्यांचे हक्क' असं लिहून पुढे गेले असतील तर पुस्तक बंद, कारण दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने १८६१ साली युनियन, म्हणजे अमेरिकेचं संघराज्य, सोडताना जे जाहीर पत्रक काढलं त्यात त्यांनी स्वतःच सुरुवातीलाच सांगून टाकलंय की आमची बाजू गुलामगिरीशी पुरती जोडलेली आहे, ते पत्रक ऑनलाइन फुकट वाचता येतं, मग आपण त्यांच्या वतीने लाजायचं काय कारण. दोन, १८६५ ते १८७७. रिकन्स्ट्रक्शनचा, म्हणजे युद्धानंतर दक्षिणेची घडी परत बसवण्याचा हा काळ बरीच पुस्तकं लिंकनचा खून झाला की गुंडाळतात आणि एकदम रेल्वे आणि कारखान्यांवर उडी मारतात, मग पोरांना कळतच नाही की १८७० साली पंधराव्या दुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता तर १९६५ साली परत मतदानाच्या हक्काचा कायदा का करावा लागला. तीन, मूळचे लोक. ते पहिल्या धड्यात येतात, थँक्सगिव्हिंगला मका देतात आणि नंतर गायब होतात का, की त्यांना त्यांच्या जमिनीवरून पश्चिमेकडे हलवणारा १८३० चा इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट आणि त्याच्यानंतरचंही काही आहे.

आणि आमच्यासाठी चौथंही एक पान, ते कुणी विचारत नाही पण मी बघते, १९२३ चा भगतसिंग थिंड खटला आहे का. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात नोकरी केलेला माणूस, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की भारतीय 'गोरे' धरता येत नाहीत म्हणून नागरिकत्व नाही. मुलांसाठीच्या पुस्तकांत मला हे फारसं दिसत नाही, त्यामुळे नाही म्हणून पुस्तक फेकत नाही, पण मग ते मला माझं जोडायला लागतं.

या चाळणीतून आमच्या टेबलावर दोनच गोष्टी उरल्या.

पहिली, कोअर नॉलेज या शिक्षणसंस्थेची हिस्ट्री-जिऑग्राफी युनिटं. ही त्यांच्या फाउंडेशनच्या साइटवर पीडीएफ म्हणून फुकट आहेत, विद्यार्थ्याचं रीडर वेगळं, टीचर गाइड वेगळं. फुकट म्हटल्यावर मला वाटलं होतं काहीतरी फाटकंतुटकं असणार, पण तसं अजिबात नाही, चित्रं, नकाशे, कठीण शब्दांचे अर्थ बाजूलाच. अडचण अशी की ही युनिटं शाळेच्या इयत्तांप्रमाणे पसरलेली आहेत, आणि जगाच्या इतिहासात मिसळलेली, म्हणजे चौथीत अमेरिकन क्रांतीच्या शेजारी मध्ययुगीन युरोप. त्यामुळे फक्त अमेरिका सलग हवी असेल तर आपण क्रम लावायचा: तिसरीतून पहिले रहिवासी, शोधमोहिमा आणि तेरा वसाहती, चौथीतून क्रांती, राज्यघटना, सुरुवातीचे राष्ट्राध्यक्ष आणि सुधारक, पाचवीतून पश्चिमेकडचा विस्तार, सिव्हिल वॉर आणि मूळ अमेरिकन, सहावीतून इमिग्रेशन आणि औद्योगिकीकरण. इयत्तेच्या आकड्याकडे दुर्लक्ष करायचं, बस. मी हे सगळं दोन वर्षांत पसरवलंय, घाई नाही. खर्च म्हणाल तर प्रिंटरची शाई, आणि ती कमी नाही हे आधीच सांगते, नकाशे सोडून सगळं ब्लॅक अँड व्हाइट काढा. विसाव्या शतकात मात्र हे शालेय भाग पुरत नाहीत, तिथे आम्ही दुसरीकडे वळलो.

दुसरी म्हणजे जॉय हकिम यांची 'अ हिस्टरी ऑफ अस', ऑक्सफर्डची, दहा भागांची मालिका. बाई आधी शिक्षिका आणि पत्रकार होत्या आणि ते पानापानावर कळतं, आजी गोष्ट सांगताना मध्येच 'आणि बरं का' म्हणते ना, तसं लिहिलंय. धडे छोटे, बाजूला चौकटी, जुनी व्यंगचित्रं, पत्रं. पाचवी ते आठवीच्या पोरांना नेमकं बसतं. माझा मोठा ज्याला पुस्तक दाखवलं की पोट दुखायला लागतं तो सिव्हिल वॉरचा सहावा भाग आपणहून घेऊन झोपायला गेला. दहाच्या दहा विकत घ्यायची गरज नाही, आमच्या लायब्ररीत सहा निघाले, दोन इंटरलायब्ररी लोनने, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतून मागवून, आले, दोन जुने घेतले. सहा वर्षांच्या मुलाला मात्र हे वाचून दाखवायला जाऊ नका, चौकट वाचायची की मजकूर या गोंधळात तो टेबलाखाली जातो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. नॉटग्रास कंपनीचे इतिहासाचे अभ्यासक्रम देखणे आहेत आणि लहान-मोठ्यांसाठी वेगवेगळे संच आहेत, पण ते उघडपणे ख्रिश्चन दृष्टिकोनातून लिहिलेले आहेत, बायबल धड्यांमध्येच विणलेलं आहे, ज्यांना तेच हवंय त्यांच्यासाठी चांगलंच, आम्हाला सेक्युलर हवं होतं. बुकशार्क सेक्युलर आहे, गोष्टींच्या पुस्तकांमधून शिकवणारं, मोठ्याने वाचून दाखवायला आवडणाऱ्या आईबाबांनी बघावं. मोठा नववीत गेला की हकिम हलकं पडेल, तेव्हा ओपनस्टॅक्सचं यू.एस. हिस्टरी हे कॉलेजचं पुस्तक घेणार आहे, तेही फुकटच आहे. पुढे एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीची परीक्षा द्यायची की नाही ते तो ठरवेल.

आता तीन वयांचं प्रत्यक्षात कसं करतो. काळ एकच, तिघांनाही. आठवड्यात तीन सकाळी नाश्त्याला मी कोअर नॉलेजचं रीडर वाचते, पंचवीस मिनिटं, त्याच्यावर नाही. धाकटा ऐकता ऐकता चित्र काढतो, त्याचं चित्र कापून पॅसेजमधल्या टाइमलाइनवर चिकटवायचं एवढाच त्याचा इतिहास, आणि गंमत म्हणजे तारखा त्यालाच जास्त पाठ आहेत कारण उंची त्याच रेषेत आहे. मधली ऐकलेलं परत आपल्या शब्दांत सांगते, कधी मराठीत कधी इंग्लिशमध्ये, मी टोकत नाही. मोठा दुपारी हकिम वाचतो आणि आठवड्याला एक मूळ कागद, नॅशनल आर्काइव्ह्ज किंवा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरून, आणि त्यावर एक पान लिहितो. मूळ कागद म्हटलं की लोकांना वाटतं फार कठीण, पण लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण पावणेतीनशे शब्दांचंसुद्धा नाही, ते मधलीने पाठ केलं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या २७ तक्रारी आहेत, त्या वाचल्यावर धाकट्याने दादाविरुद्ध स्वतःची यादी केली, नऊवर थांबला, सातवी तक्रार 'तो श्वास जोरात घेतो'. त्याच आठवड्यात मोठ्याने, गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८५२ चं चार जुलैबद्दलचं भाषण वाचलं, आणि रात्री जेवताना बहिणीला विचारलं की जाहीरनाम्यात सगळे समान म्हटलंय ते कुणी लिहिलं आणि त्याच्या घरी किती गुलाम होते. हे तीन बॉक्समध्ये कधीच झालं नसतं, कारण तेव्हा तिच्याकडे जाहीरनामाच आलेला नव्हता.

लहान्यासमोर काय वाचायचं याची चिंता असतेच. मी खोटं सांगत नाही पण सगळं दाखवतही नाही. फिलाडेल्फियाला प्रेसिडेंट्स हाउसची जागा आहे, तिथे वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहायचे, आणि पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राहिला तर स्वातंत्र्य मागू शकायचा, म्हणून ते आपल्या गुलामांना मुदतीआधी राज्याबाहेर फिरवून आणायचे. त्यांच्यातली ओनी जज १७९६ साली तिथूनच पळाली, न्यू हॅम्पशायरला गेली आणि शेवटपर्यंत हाती लागली नाही. ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला पुरेपूर कळते, पळणं आणि लपणं त्याला कळतं, चाबूक मला दाखवावा लागत नाही. कायद्यातली पळवाट तेरा वर्षांच्याला कळते. आणि राज्याच्या इतिहासाचा पोर्टफोलिओसाठीचा कागदही त्यात होऊन जातो, हे माझं.

एक गोष्ट कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हती, ती व्हिडिओ कॉलवर आजोबांनी दिली. सिव्हिल वॉर चाललंय म्हटल्यावर त्यांनी नातवाला सांगितलं की जोतिबा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केलीय. मोठ्याने विश्वासच ठेवला नाही, अर्पणपत्रिका काढून दाखवायला लागली. मग तिथून थांबता येईना, आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियातच डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या, आणि रमाबाईंनी पुढे १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं, बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. आमची टाइमलाइन आता दोन रंगांत आहे, निळ्यात पुस्तकातलं, केशरीत आपलं. थिंडचा खटला कुठल्या रंगात लावायचा यावर दोन दिवस भांडण झालं, शेवटी अर्धा निळा अर्धा केशरी.

तोटेही सांगते, नाहीतर जाहिरात केल्यासारखं होईल. फुकट आणि लायब्ररीचं जोडून करायचं म्हणजे रविवारी रात्री माझा एक तास जातो, पुढच्या आठवड्याची पानं काढायला, लायब्ररीत पुस्तकांना होल्ड लावायला, म्हणजे ती राखून ठेवायला. लायब्ररीतून पाचवा भाग यायला इतका उशीर झाला की आम्ही चौथ्यावरून सहाव्यावर गेलो आणि नंतर मागे आलो. ज्या घरी दोघंही पूर्णवेळ नोकरीला जातात त्यांना तयार बॉक्स घ्यावासा वाटला तर मी नाक मुरडणार नाही, फक्त तिघांचा मिळून एकच लेव्हल घ्या, मधल्या मुलाचा, मोठ्याला वर जोडा आणि लहानाला बसू दे ऐकत. आणि घेण्याआधी सॅम्पल धडा मागा, बहुतेक जण देतात, पण ते वसाहतींचा देतात. सिव्हिल वॉरचा मागा.

आमचा पहिला बॉक्स अजून गराजमध्ये आहे, वर्कबुकं अर्धी भरलेली म्हणून वापरलेल्या पुस्तकांच्या सेलमध्ये कुणी हात लावला नाही. कागद जाड आहे पण. धाकटा मागच्या कोऱ्या बाजूवर जहाजं काढतो, परवा इंग्लंडहून पिलग्रिम लोकांना आणणारं मेफ्लॉवर काढलं, वर झेंडा आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा.