प्रोग्राम डी ड्राइव्हवर टाकावेत का? वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

घरूनच डीटीपीचं (संगणकावर छपाईचा मजकूर आणि डिझाइन लावण्याचं) काम करतो. पीसीमध्ये 240 जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क), त्यावर विंडोज 10; ती सी ड्राइव्ह. जोडीला 1 टीबीची जुनी हार्ड डिस्क, ती डी म्हणून दिसते. असेंबल करून देणाऱ्याचा सल्ला होता, "सीवर फक्त विंडोज ठेवा, बाकी सगळं डीला टाका. फॉरमॅट मारला तरी सॉफ्टवेअर जात नाहीत." वर्षभर तसंच वापरून पाहिलं.

पहिला फरक वेगाचा. साटा एसएसडी सेकंदाला 500 एमबीच्या वर वाचते, हार्ड डिस्क फार तर दीडशे-दोनशे, तेही एकच मोठी फाइल सलग असेल तर. प्रोग्राम उघडताना शेकडो बारक्या फाइली वाचाव्या लागतात आणि तिथे हार्ड डिस्क पार ढेपाळते. कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर डीवरून उघडायला लावून चहा टाकून यावं, एवढा वेळ जायचा. एसएसडीला पैसे मोजायचे आणि रोजचं सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर टाकायचं, यात मला काही अर्थ दिसत नाही.

बरं, सीची जागा तरी वाचते का? थोडीफार. इन्स्टॉल करताना डी निवडला तरी कॅश, सेटिंग, टेंपररी फाइली सीवरच्या ॲपडेटा आणि प्रोग्रामडेटा या फोल्डरांमध्येच साठत राहतात. क्रोम तर कुठे टाकू हे विचारतच नाही. एका पोर्टलवर वाचून रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतला) प्रोग्राम फाइल्स या फोल्डरचा पत्ताच बदलायचा विचार केला होता, पण त्याला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट नाही, म्हणून हात लावला नाही.

खरी परीक्षा फॉरमॅटच्या वेळी झाली. डीवर सगळे फोल्डर जागच्या जागी, पण आयकॉनवर क्लिक केलं की 'एमएसव्हीसीपी140.डीएलएल सापडत नाही'. रजिस्ट्रीतल्या नोंदी, सर्व्हिसेस, रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या अशा डीएलएल फाइली) हे सगळं सीवर असतं, ते विंडोजबरोबर गेलं. म्हणजे सॉफ्टवेअर पुन्हा टाकणं चुकलं नाहीच.

त्याहून जास्त दमवलं फाँटनी. डिझाइनच्या फाइली डीवर सुखरूप होत्या, पण फाँट सीवरच्या विंडोजच्या फोल्डरात. जुनी लग्नपत्रिका उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला! युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फाँटची हीच गंमत, फाँट गेला की मजकूरही वाचता येत नाही. आता फाँटची एक प्रत डीवर आणि दुसरी पेनड्राइव्हवर असते.

डीवर टाकून फायदा झाला तो गेमचा. चिरंजीवांचे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले गेम एकेक पन्नास-शंभर जीबीचे. विंडोज नवीन टाकल्यावर स्टीममध्ये डीवरची लायब्ररी दाखवली, तर त्याने ते आपसूक ओळखले, पुन्हा डाउनलोड नाही. पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारे) प्रोग्रामही तसेच बिनबोभाट चालले.

सध्याची मांडणी अशी: सगळे प्रोग्राम सीवर, गेम आणि कामाच्या फाइली डीवर. डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबमधून डीला हलवलेत. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून पीसी बंद करणं) कधी वापरत नव्हतो, 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही कमांड दिल्यावर त्याची काही जीबींची फाइल गेली. एवढं करून सी निम्मा रिकामा आहे. डीवरच्या कामाचा बॅकअप मात्र वेगळ्या एक्सटर्नल डिस्कवर घेतो, कारण जुनी हार्ड डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही.

लॅपटॉपमध्ये एकच डिस्क असेल तर हा प्रश्नच वेगळा. तिथे सी आणि डी एकाच डिस्कचे तुकडे, वेग तोच आणि डिस्क गेली तर दोन्ही जाणार. दुकानात "पार्टिशन करून देऊ का?" विचारतात आणि सीला 100 जीबी ठेवून मोकळे होतात. पुढे सी भरला की विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून तो वाढवायला शेजारचा डी आधी उडवावा लागतो. पार्टिशन हवंच असेल तर सीला निदान 200 जीबी सोडायला सांगा.