मॅकबुक एअर एम१: चाळिशीच्या उन्हात बिनपंख्याचा लॅपटॉप

या लॅपटॉपच्या पोटात पंखाच नाही. अॅपलच्या कागदावर वापरायचं तापमान १० ते ३५ अंश लिहिलंय, आणि परभणी-नांदेडकडे एप्रिल लागला की दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे इथला ऐन उन्हाळा कंपनीच्या हिशेबातच नाही. तरी जुन्यात पातळ लॅपटॉप शोधत असाल तर नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला हा एअर आजही घेण्याजोगा आहे. फक्त काम कोणतं, ते आधी ठरवा.

पंखा नसण्याचं कारण चिपमध्ये आहे. २००८ साली पहिल्या एअरसाठी इंटेलनं कोअर २ ड्युओ या चिपचं पॅकेज, म्हणजे बाहेरचं वेष्टन, साठेक टक्के लहान करून दिलं होतं. जागा वाचली, पण चिप जुन्याच घडणीची, त्यामुळे पंखा काही सुटला नाही. अॅपलच्या स्वतःच्या एम१ चिपची घडण उलट दिशेनं झाली: आधी उष्णतेची मर्यादा धरली, मग चिप. एअरसाठी ही मर्यादा अॅपलनं १० वॅट धरली आहे. तिच्यात आठ कोअर, म्हणजे काम करणारे गाभे: चार ताकदीचे, ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत धावणारे, चार काटकसरीचे. मेल, ब्राउझर, मराठी टायपिंग या हलक्या कामांना चिपची फार ताकद लागत नाही, म्हणून भर दुपारीही बूड फार तर कोमट होतं. दिवसातून दोनदा लाईट गेली तरी ४९.९ वॅट-तासांची बॅटरी, चांगल्या अवस्थेत असेल तर, ऑफिसचा दिवस काढते.

अडतं ते लांबलचक कामात. चिपवर अॅल्युमिनियमची एक पट्टी आहे, तीच काय ती उष्णता पसरवते. आठही कोअर जुंपले की पहिली काही मिनिटं वेग पूर्ण मिळतो, नंतर चिप तापू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करते. एसीच्या खोलीत ही घट साधारण १०-१५ टक्क्यांची; पत्र्याखालच्या दुकानात ती लवकर सुरू होते आणि जास्त होते. लग्नाच्या व्हिडिओची साधी कटिंग करून एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारात एक्स्पोर्ट केलं तर त्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग आहे, म्हणून तिथं फारसं तापत नाही. नॉइज रिडक्शन आणि इफेक्ट्सचे थर चढवले की मात्र दमतो. रोज तासन्‌तास रेंडरिंग असेल तर पंखा असलेला मॅकबुक प्रोच बघा.

काही जण दहा पंचकोनी स्क्रू काढून त्या पट्टीवर थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ गादी) लावतात, म्हणजे उष्णता खालच्या झाकणात उतरते. वेग टिकतो, पण मांडीला चटका बसतो आणि शेजारची बॅटरीही तापते. इथल्या हवेत आम्ही हे सुचवणार नाही. त्यापेक्षा वाकळेवर, गादीवर ठेवू नका. शहाबादी फरशी किंवा लोखंडी टेबल बरं. कूलरच्या थेट झोतात तर मुळीच नको. कूलरमधून बारीक तुषार येतात, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बटणांच्या फटीत बसले की निघत नाहीत.

चार्जिंगला असताना बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना? तो बिघाड नव्हे. दोन पिनी चार्जरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून किंचित करंट धातूच्या बॉडीवर येतो. तीन पिनी केबल लावा. घराला खरोखर अर्थिंग असेल तर ते थांबतं.

टॅली वापरणाऱ्यांनी जपून. मॅकवर थेट विंडोज टाकायची अॅपलची सोय, बूट कॅम्प, इथं नाही. मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्स या सॉफ्टवेअरमध्ये एआरएमचं (एम१ ज्या जातीची चिप आहे, त्या जातीसाठीचं) विंडोज ११ चालतं, टॅलीही उघडते, पण डिजिटल सहीचा यूएसबी टोकन किंवा जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची यूएसबी कळ) तिथं अडकतं, कारण इंटेलसाठी लिहिलेले ड्रायव्हर इम्युलेशनमध्ये, म्हणजे इंटेलची नक्कल करून, चालत नाहीत. शिवाय ८ जीबी मेमरीत मॅक आणि विंडोज दोन्ही कोंबले की स्टोरेजवर ताण येतो. मेमरी चिपच्याच पॅकेजमध्ये आणि स्टोरेज बोर्डवर सोल्डर केलेलं. पुढं काही वाढत नाही. १६ जीबीचा मिळाला तर तोच घ्या. बाहेरचा मॉनिटर अधिकृतपणे एकच लागतो.

पैसे देण्याआधी ऑप्शन बटण दाबून अॅपल मेनूतली सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि पॉवरमध्ये सायकल काउंट, म्हणजे बॅटरी एकूण किती वेळा पूर्ण वापरली गेली तो आकडा, बघा. बॅटरीचं आयुष्य १००० सायकलचं धरलंय. मग विकणाऱ्यासमोरच सगळं पुसून, वायफाय जोडून नव्यानं सेटअप करायला लावा. ‘रिमोट मॅनेजमेंट’चा पडदा आला तर तो लॅपटॉप कुठल्या तरी कंपनीच्या ताब्यात आहे, कितीही स्वस्त असला तरी उठून या. जुन्या मालकाचा अॅपल आयडी मागितला, तरीही तेच.

आणि झाकण लावताना कीबोर्डवरून एकदा फडकं फिरवा. स्क्रीन आणि बटणांमध्ये जागा इतकी कमी की धुळीतला एक खडा किंवा कॅमेऱ्यावर चिकटवलेलं प्लॅस्टिकचं झाकणही काच तडकवायला पुरतं.