पुणे हवामान खात्याचा ग्रिड पर्जन्य डेटा: ईआयए अहवालाला कितपत पुरतो?

ईआयए, म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाच्या, अहवालातलं हवामानाचं प्रकरण अजूनही जवळच्या वेधशाळेच्या दहा वर्षांच्या तक्त्यावर भागवलं जातं. त्यात बदलतं हवामान दिसतच नाही. लागणारी दीर्घ नोंद भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते: १९०१ पासूनचा रोजचा पाऊस, ०.२५ अंशाच्या चौकटींच्या जाळ्यात (ग्रिड), म्हणजे साधारण २७ किलोमीटरला एक आकडा. अहवाल करणाऱ्या प्रत्येकाने ती वापरायलाच हवी.

बायनरी फाइल उतरवल्यावर आधी आकार पाहा. १३५ रेखांश, १२९ अक्षांश, आकड्याला ४ बाइट, म्हणून ३६५ दिवसांची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइट भरते. कमी भरली तर ती अर्धवट उतरली आहे. समुद्रावरच्या चौकटींत उणे ९९९ असतं. ते वगळलं नाही तर किनाऱ्यावरच्या तालुक्याचा पाऊस उणे निघतो. तारखेकडेही लक्ष द्या: २७ जुलैचा आकडा म्हणजे २६ च्या सकाळी साडेआठपासून २७ च्या साडेआठपर्यंतचा पाऊस.

खरी मर्यादा २६ जुलै २००५ च्या पावसात दिसते. सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला जेमतेम ७४. दोन्ही केंद्रं १९.० उत्तर, ७२.७५ पूर्व या एकाच चौकटीत येतात आणि चौकटीला आकडा एकच. अंतरानुसार वजन देऊन काढलेला हा आकडा अतिवृष्टीची टोकं बोथट करतो. त्यामुळे मोरी किंवा नाल्याची रुंदी यावरून ठरवू नका. ब्रिमस्टोवॅड या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या प्रकल्पात मुंबईच्या नाल्यांची क्षमता २५ वरून ५० मिमीवर न्यायची ठरली, ती ताशी; हा डेटा मात्र दिवसाचा. तिथे स्वयंलेखी पर्जन्यमापकाचीच नोंद हवी.

कल पाहायला मात्र हा डेटा उत्तम. १९६१ ते १९९० आणि १९९१ ते २०२० या दोन कालखंडांत ६४.५ मिमी किंवा जास्त पावसाचे दिवस मोजून शेजारी शेजारी मांडा. पण पर्जन्यमापक केंद्रांची संख्या वर्षागणिक बदलत गेली आहे, आणि नुसत्या त्यानेही खोटा कल उमटू शकतो. म्हणून सलग नोंद असलेल्या एका तरी केंद्राशी तो ताडून पाहा. भविष्याचे आकडे यात नाहीत. हवामान प्रारूपांच्या (संगणकी मॉडेलांच्या) अंदाजातली चूक दुरुस्त करायला मात्र हाच पाया धरावा.

सोबतचा तापमानाचा डेटा १९५१ पासूनचा, पण एक अंशाचा. त्यात महाबळेश्वर आणि चिपळूण एकाच चौकटीत पडतात. घाटातल्या प्रकल्पाला तो लावू नये.